स्वच्छतेला दोन तारे

यशोधरेने चष्मा पुसून फोन पुन्हा डोळ्यांजवळ धरला. तेच होतं. स्वच्छता: पाचपैकी दोन तारे. खाली एक ओळ, ‘जागा ठीक. स्वच्छतेबाबत काटेकोर असणाऱ्यांनी विचार करावा.’

विचार करावा म्हणे! पाहुणे यायच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसणाऱ्या, नळाच्या तोट्या चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्या बाईला हे ऐकवायचं! बदलापूरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती राहायची. निवृत्तीनंतर चौथ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट तिने घेतला, मुलाने, राजरत्नने, तो पाहुण्यांसाठी ॲपवर टाकला. दिवाळीपासून जे जे आले ते कौतुक करून गेले. आता या दोन ताऱ्यांनी सरासरी धाडकन खाली आली होती आणि कंपनीचा इशाराही आला होता. असाच आणखी एक अभिप्राय, की घर यादीतून बाहेर.

तिची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली होती. तिथे साधा एक बोल्ट नापास करायचा तरी माप दाखवावं लागे, कारण लिहावं लागे, खाली सही करावी लागे. मनाला आलं म्हणून कुणाचा माल भंगारात टाकता येत नसे. इथे मात्र कुणीही यावं, बोट टेकवावं आणि चालू पडावं. बोल्टला होता तेवढा न्याय माणसाला नाही.

आणि हे तारे दिले कुणी? तर कुंदाताईंनी! भाचीच्या साखरपुड्यासाठी त्या आणि त्यांचे यजमान गुरुदत्त आले होते. पहिल्या रात्री यशोधरेने वर गरम भाकरी, मेथीची भाजी आणि ठेचा नेऊन दिला, तर कुंदाताईंनी तिचा हातच धरला. “अहो, माहेरी आल्यासारखं वाटतंय हो!” भाकरी मागून घेतली. उरलेला ठेचा डब्यात भरून घेतला. दुसऱ्या दिवशी शिवमंदिराला जायला ओळखीची रिक्षा यशोधरेनेच लावून दिली. त्यात तिने काही उपकार केले नाहीत, पाहुण्यांचं करायचं असतं म्हणून केलं.

निघायच्या दिवशी दोघं चावी द्यायला खाली आली. तोवर ती दोघं यशोधरेच्या स्वतःच्या घरात आली नव्हती. चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणून तिने बसवून घेतलं. कप आणून ठेवले, आणि कुंदाताईंची नजर भिंतीवर गेली. तिथे बुद्धांची तसबीर होती, शेजारी ताजा हार घातलेला बाबासाहेबांचा फोटो होता.

“तुमचं आडनाव काय म्हणालात?” कुंदाताईंनी विचारलं.

ती काही म्हणालीच नव्हती. आता सांगितलं.

“अय्या, विसरलेच! आज उपवास माझा. चहासुद्धा चालत नाही.” गुरुदत्तांचा हात कपाच्या कानाशी पोचला होता. “अहो, उठा, गाडी चुकेल.”

सकाळीच यशोधरेने वर कांदेपोहे नेऊन दिले होते. दोन्ही बशा चाटूनपुसून परत आल्या होत्या.

ती दोघं गेली. चहावर साय धरली. तिला कळलं होतं, कळत नाही असं कसं होईल? पण खरंच उपवास आठवला असेल तर, असं मनाला समजावत तिने त्याच दुपारी त्यांना पाहुणे म्हणून पाचपैकी पाच तारे दिले. ॲपवर घरमालक आणि पाहुणे दोघांचं मत देऊन झाल्याशिवाय एकमेकांचं दिसत नाही. आज दिसलं. स्वतःच्या भाबडेपणाचा तिला इतका राग आला की तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने कंपनीला फोन लावला. श्रद्धा नावाची मुलगी बोलत होती.

“मॅम, गेस्टनी काही अपशब्द वापरला का?”

“नाही.”

“जातीवरून काही बोलले?”

“बोलले असते तर बरं झालं असतं गं.”

“मग ते त्यांचं पर्सनल ओपिनियन होतं, मॅम. आम्ही नाही काढू शकत. काही प्रूफ असेल तर फोटो पाठवा ना.”

“कशाचा पाठवू? न प्यायलेल्या चहाचा?”

“मॅम, तुम्ही रिप्लाय देऊ शकता. पण तो सगळ्यांना दिसतो.”

राजरत्न ऐकत होता. “आई, जाने दे ना. चावी वॉचमनकडे ठेवू. कोणाला घरात बोलवायचंच नाही. टेन्शन खतम.”

“म्हणजे लपून बसायचं?”

“लपायचं नाही गं, धंदा आहे हा. तू रिप्लाय दिलास तर लोक बोलतील, होस्ट भांडकुदळ आहे. एक बुकिंग येणार नाय. मग फ्लॅटचं काय?”

त्याचं खोटं नव्हतं, म्हणून तर ती जास्त भडकली.

“तुझे आजोबा, धोंडिबा, गावच्या हॉटेलात चहा प्यायचे ना, तर त्यांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला असायचा. पिऊन झाला की स्वतः विसळून तिथेच ठेवायचा. पण तो हॉटेलवाला तोंडावर सांगायचा तरी, हा तुमचा कप. या बाईने माझ्या हातचं दोन दिवस पोटभर खाल्लं आणि मला घाणेरडी ठरवून गेली. त्यावर मी गप्प बसू?”

तिने फोन घेतला आणि एका बोटाने, सावकाश लिहिलं.

‘कुंदाताई, पहिल्या रात्री तुम्ही भाकरी मागून घेतलीत. ठेचा सोबत नेलात. शेवटच्या दिवशी सकाळी वर पोहे खाल्लेत, मग खाली आमच्या भिंतीवरचा फोटो पाहिलात आणि चहाला उपवास सांगितलात. पोहे आणि चहा यांच्यामध्ये घर कुठे अस्वच्छ झालं, ते लिहायचं राहिलं आहे. तेवढं कारण लिहा. यशोधरा ओव्हाळ.’

राजरत्नने वाचलं. पुन्हा वाचलं. “आई, ॲपवर नुसतं पहिलं नाव असतं. आडनाव टाकायची गरज नाही.”

“माहितीये मला,” ती म्हणाली आणि बटण दाबलं.