थोरलीचं नवं ऑईल

नानांनी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत खुपसली, पुन्हा काढली आणि उजेडाकडे धरली. गाडी बाहेर काढण्याआधी रोज सकाळी ते हेच करत. आज मात्र त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि ओरडले,

"अगं ए धाकटे! त्या मिस्त्रीने ऑईल घातलंच नाही!"

धाकटी दुकानात एका मोठ्या काचेला कागद गुंडाळत होती. ती धाकटी, कारण थोरली म्हणजे गाडी. काचेच्या धंद्यात पडल्यावर नानांनी आधी हा पिकअप घेतला आणि मग लेक झाली, तेव्हा मानपान कसा तो ठरूनच गेला होता. आल्यागेल्याला ते तसंच सांगत आणि सांगताना चेहऱ्यावरची रेघ हलू देत नसत.

"काल तुमच्यासमोर घातलं की," ती हात झटकत बाहेर आली.

"समोर! मी काय त्याच्या डब्यात डोकावत होतो? ही बघ पट्टी. कोरडी ठणठणीत!"

या ऑईलवरून बापलेकीत बरेच दिवस धुसफूस चालली होती. डोंगरावरच्या शहरातलं नवं काम धाकटीने मिळवलं होतं. तिथे थंडी, त्यात रस्ता सगळा चढाचा. थोरली तर इथल्या इथेच सकाळी खोकून खोकून सुरू व्हायची. मिस्त्री म्हणाला, सिंथेटिक टाका, थंडीत घट्ट होत नाही आणि चढावर इंजिन तापलं तरी टिकतं. नानांचं म्हणणं, जुन्या हाडांना जुनंच तेल मानवतं, असलं पाण्यासारखं पातळ तेल चार दिवसांत गळून जाईल. शेवटी "नव्याचे नऊ दिवस" म्हणत ते कसेबसे कबूल झाले आणि काल गाडी घरी आणल्या आणल्या इंजिनाखाली पुठ्ठा पसरून मोकळे झाले.

"पुठ्ठ्यावर डाग पडलाय का बघ," आताही त्यांनी तिलाच सांगितलं.

धाकटीने वाकून पाहिलं. "एक थेंब नाही."

"मग झालं तर! गळलंही नाही आणि पट्टीवरही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? थांब, त्या शहाण्याला बोलावतो."

ते फोन शोधायला आत गेले. जाताना त्यांनी पट्टी तिच्या हातात दिली होती. धाकटीने ती पाहिली. अगदी वरच्या खुणेपर्यंत तेल होतं, सोनेरी, स्वच्छ, उन्हात चमकत होतं. जुनं ऑईल डांबरासारखं काळं असायचं, ते लांबून आणि अंधुक डोळ्यांनाही दिसायचं. हे नानांना दिसलं नव्हतं.

शंका तिला आधीपासून होती. मध्यंतरी आवाराच्या फाटकाला गाडीचा आरसा घासला, तेव्हा नाना म्हणाले, फाटकच वाकडं बसवलंय मेल्यांनी. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, माझे डोळे माझ्याजवळच आहेत, कुठे हरवलेत? आणि आज त्याच डोळ्यांनी ते वळणावळणाच्या रस्त्याने काच घेऊन निघणार होते. गाडी तिलाही चालवता येई. पण मोठी काच असली की किल्ली नानांकडे, हा घरातला कायदा होता. ती किल्ली मागायची कशी, हे तिला काही केल्या सुचत नव्हतं. भीती तर वाटतच होती, आणि मागायची लाजही.

मिस्त्रीचं गॅरेज शेजारच्याच गल्लीत होतं. तो आला तोच तोंडाचा पट्टा सुरू करून.

"नाना, सकाळी सकाळी चोर ठरवलंत होय मला? चहासुद्धा अर्धा टाकून आलोय! दाखवा, कुठंय कोरडं?"

"ही घे," नानांनी धाकटीच्या हातातली पट्टी त्याच्यापुढे केली. "बघ तुझ्या डोळ्यांनी."

मिस्त्रीने पट्टी पुसली, बुडवली, काढली. एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा नानांकडे. मग त्याची नजर धाकटीकडे गेली आणि चालता पट्टा बंद पडला.

"काय रे, वाचा बसली?"

"नाना," तो हळू आवाजात म्हणाला, "जरा बोट लावून बघा."

नानांनी पट्टीचं टोक चिमटीत धरलं. बोटं सरसर घसरली. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, थांबले, पुन्हा चोळलं.

"अहो, या सिंथेटिकचं असंच असतं," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "काचेसारखं नितळ. भल्याभल्यांना दिसत नाही. पहिल्यांदा मीसुद्धा फसलो होतो!"

"असं होय?" नानांचा चेहरा उजळला. "मग आधी सांगायचंस की रे गाढवा! बघ धाकटे, मिस्त्रीलाही दिसलं नव्हतं."

धाकटीने मान डोलावली. मिस्त्रीने चांगुलपणाने तिची किल्ली मागायची वाटच बंद करून टाकली होती. तो गेल्यावर दोघांनी मिळून काच उचलली, गाडीतल्या तिरक्या लाकडी सांगाड्याला टेकवली आणि दोऱ्या आवळल्या. नानांनी हाताने चाचपत प्रत्येक गाठ तपासली. मग ते नेहमीसारखे चालवायच्या जागी जाऊन बसले.

थोरली पहिल्याच फटक्यात सुरू झाली. खोकली नाही की अडखळली नाही.

"ऐकलंत?" धाकटी खिडकीशी आली. आता बोलायचंच, असं ठरवून आली होती.

नाना ऐकत होते. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, नजर समोर.

"धाकटे, तुला दिसलं होतं ना ते ऑईल? सकाळीच?"

खोटं बोलणं सोपं होतं. मिस्त्रीने तयार करूनही ठेवलं होतं.

"हो नाना."

"किती होतं?"

"वरच्या खुणेपर्यंत."

"रंग?"

"मधासारखा. छान आहे."

"असं." त्यांनी खिशातून फडकं काढून चाक पुसलं. चाक स्वच्छच होतं. मग त्यांनी किल्लीची साखळी एकदा बोटाने हलवली, किल्ली तिथेच ठेवली आणि सीटवरून सरकत सरकत पलीकडे जाऊन बसले.

"बस. चालव."

ती दार धरून उभीच राहिली.

"अशी बघतेस काय? थोरलीला हे नवं तेल कितपत मानवतंय ते ऐकत यायला हवं मला. चालवताना कुठे ऐकू येतं नीट? एका माणसाने एकच काम करावं."

"बरं नाना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ते नानांना दिसणार नाहीत हे लक्षात आलं, आणि मग तर ते वाहायलाच लागले.

तिने गाडी वळवून अंगणाबाहेर काढली. नाना कान देऊन बसले होते, अधूनमधून "हं" म्हणत होते. समोर आवाराचं फाटक आलं तसा त्यांचा हात आपोआप चाकाच्या दिशेने उठला, आणि मध्येच थांबून मांडीवर परतला.

"नीट काढ. आरसा सांभाळ."

"सांभाळते. मेलं फाटकच वाकडं आहे ना," धाकटी म्हणाली.

गाडी फाटकातून हळूच बाहेर पडली. दोन्ही बाजूंना हात हात जागा उरली होती.

"सरळ आहे गं," नाना म्हणाले. "पहिल्यापासून सरळच आहे."