असावं म्हणणारा नकाशा

ताई नदीपलीकडे निघाली की तिच्या फोनातली रेंज अलीकडच्या काठावरच उतरून बसायची. पाण्याला भ्यायल्यासारखी. पुढे नदीतलं बेट, नुसती वाळू, वाळूत माणसाएवढं गवत, गवतात कुठेतरी दहा-बारा घरं. ताई दवाखान्यात नर्स, आणि त्या घरांत कुणाचे दिवस भरत आले की बॅग उचलून जायची तीच.

धाकटी बहीण घरी बसून कॉम्प्युटरवर लोकांची कामं करायची. ताईचा फोन यायचा, "अगं, त्या दोन वाटांतली कुठली, गेल्या वेळी मी तुला—" आणि तुटायचा. धाकटी मग दिवसभर त्या तुटक्या वाक्याचं दुसरं टोक हातात धरून बसायची.

एका रविवारी तिनं ताईला समोर बसवलं आणि म्हणाली, "सांग सगळं. पहिल्यापासून."

ताई सांगत गेली, धाकटी काढत गेली. मोडकी होडी, तीन दगड, पिवळा पत्रा, तिथून डावीकडे. गोधडीला ठिगळं जोडावीत तसे तुकडे तिनं एकाला एक जोडले आणि सगळी गोधडी घडी घालून ताईच्या फोनात ठेवली. रेंज असो-नसो, नकाशा तिथंच. जिथं पाऊल तिथं ठिपका. वर बोलायचाही: "समोर मोडकी होडी आहे. डावीकडे वाट आहे."

पहिल्या नकाशात अकरा घरं होती. मग दवाखान्यातल्या इतर बायकांनी मागितला, मग पत्रं वाटणाऱ्यानं, मग गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्यानं. ताई वाटेत थांबून "थांबा, धाकटीला विचारते" म्हणायची, त्यामुळे लोक त्या नकाशालाच धाकटी म्हणायला लागले. "तुमच्याकडे नवी धाकटी आहे की जुनी?" असं कुणी बाजारात विचारलं की खरी धाकटी भाजी निवडता निवडता मान खाली घालून हसायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि नदीनं कूस बदलली.

ती बदलायचीच. वाळू इकडून उचलायची, तिकडे टाकायची. बेट कधी लांबट, कधी गोल, आणि वस्ती आपली बिऱ्हाड पाठीवर घेऊन त्याच्या मागं. त्या दिवशी वस्तीत एकीला कळा सुरू झाल्या होत्या. ताई फोन हातात धरून गवतातून निघाली. "समोर वस्ती आहे," नकाशा म्हणाला. समोर पाणी होतं. ताईला वाटलं, ओढा असेल, पलीकडे असतील घरं. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं, बॅग डोक्यावर गेली. "वस्ती आहे," नकाशा म्हणतच होता, अगदी गोड आवाजात. शेवटी ती मागे फिरली, आणि गुरांच्या शेणाचा माग काढत दोन तासांनी पोचली.

बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पण ताई पोचली तेव्हा बाळ रडून रडून झोपलं होतं.

घरी येऊन तिनं नकाशा फोनातून काढून टाकला. आरडाओरडा नाही, रुसवा नाही. ओले बूट उन्हात ठेवता ठेवता एवढंच म्हणाली, "तुझी धाकटी फार ठाम बोलते गं."

बोल लागावा तसं ते धाकटीला लागलं. आठ महिने ताई नकाशावाचून जात राहिली. विचारत, चुकत, कधी अंधार पडता पडता परतत. धाकटी स्वयंपाकघरातून तिची चाहूल घ्यायची. नकाशा नीट करून द्यायची तिची फार इच्छा, पण नीट करायचं म्हणजे काय करायचं? चालत्या नदीचं चित्र काढायचं कसं? तिला स्वप्नं पडायची. स्वप्नात नदी पदर खोचून घरात यायची, टेबलावरचा नकाशा हातात घ्यायची, सुरकुत्या काढल्यासारखी हात फिरवायची आणि रस्ते सगळे एका बाजूला जमा व्हायचे. "असं नाही गं," धाकटी म्हणायची. नदी म्हणायची, "मग कसं?"

उत्तर मिळालं ते दवाखान्यात. ताईचा डबा द्यायला ती गेली होती. आतल्या खोलीत ताई एका नव्या नर्सला बेटाची वाट सांगत होती.

"वस्ती मागच्या महिन्यात खालच्या टोकाला होती. पाणी चढलं असेल तर वर सरकली असावी. गाढवं दिसतील बहुतेक. दिसली तर त्यांच्या मागं जा, ती घरीच जात असतात."

धाकटी दाराशी डबा घेऊन उभी राहिली. ताईच्या तोंडून एकदाही "आहे" निघालं नव्हतं. होती, असेल, असावी, बहुतेक. पंधरा वर्षं त्या वाळूत चाललेली बाई अशी बोलत होती, आणि तिचंच ऐकून काढलेल्या नकाशात धाकटीनं ओळीओळीला "आहे" ठोकून बसवलं होतं. ताईनं सांगितलेली वाट तिनं घेतली होती. तिची क्रियापदं मात्र वगळली होती.

मग तिनं सगळा नकाशा उसवला. प्रत्येक खुणेला तिनं दिवस दिला: शेवटचं कुणी कधी पाहिलं. ताजी खूण गडद. दिवस जातील तशी ती धुवट कापडासारखी विटत जाणार, आणि नकाशा तसंच बोलणार. कालची असेल तर "आहे." महिन्याची असेल तर "असावी." त्याहून जुनी असेल तर "होती बुवा, आता बघून घ्या." खुणेपाशी पोचलेल्यानं दोनांतलं एक बटण दाबायचं, "सापडली" किंवा "नाही." आणि दोन वाटसरू भेटले की फोनाला फोन टेकवायचा. शेजारणीनं शेजारणीला कानात सांगावं तशी वाटेची खबर इकडची तिकडे जाणार. रेंजची गरज नाही, कुणाची मिनतवारी नाही.

वस्तीतल्या पहिलटकरणीचा निरोप आला त्या सकाळी धाकटीनं ताईचा फोन तिच्यापुढे धरला.

"पुन्हा घातलाय यात. नेशील?"

ताईनं बॅगेची चेन लावली. "नेते. ऐकेनच असं नाही."

"नको ऐकूस. तो हट्ट नाही करणार."

"हा कधी सुधारला?" एवढं म्हणून ताई होडीत बसली. धाकटी काठावर राहिली. तिला घरी जाववेना. ताईनं फोन खिशातून काढलाय की नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि तेच कळायला मार्ग नव्हता. पलीकडे गवत हललं, मिटलं, ताई दिसेनाशी झाली. पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की नदी थांबलीय आणि काठच वाहतोय असं वाटावं.

दुपार कलल्यावर होडी परत आली. तिच्यात भारे घेऊन वस्तीतली गवतवाली होती.

"मावशी, नर्सबाई पोचल्या?"

"पोचल्या की मघाच. कुणाला हाक नाही, काही नाही, सरळ दारात. मी म्हटलं, या बाईला वास येतो काय घरांचा?" तिनं कनवटीचा फोन काढला. "हा तुमच्या फोनाला टेकवायला सांगितलाय. आणि पोरीला वेळ आहे अजून, तुम्ही जेवून घ्या म्हणाल्यात."

धाकटीनं फोनाला फोन टेकवला.

विटलेल्या बेटावर एक रेघ हळूहळू उमटायला लागली. ताईची चाल. रेघ जुन्या वस्तीपर्यंत गेली, थबकली. तिथं ताईनं "नाही" दाबलं होतं. मग नकाशानं जिथं गाढवांची वाट "असावी" म्हटलं असेल तिकडे रेघ वळली. मध्ये एका जागी वळसा, चिखल असावा. एका जागी नुसताच ठिपका, ताई दम खायला बसली असावी. आणि वरच्या टोकाला, कोऱ्या वाळूत, नवीकोरी गडद वस्ती. तिच्याखाली ताईनं दोन बोटांनी टिपून टिपून एक ओळ लिहिली होती, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट. धाकटीनं ती डोळे पुसून पुन्हा वाचली, मग मोठ्यानं वाचली:

"पहिल्या घराशी काळं कुत्रं. चावत नसावं."

गवतवालीनं भारा डोक्यावर घेता घेता मान वळवली.

"चावतं हो ते. लिहा तसं."

धाकटीनं लिहिलं.