जोतीतात्यांची सहल

जोतीराम मगदूम पंचायत समितीवर सहा वेळा निवडून आले आणि सहाही वेळा अपक्ष. त्यामुळं दर निवडणुकीत त्यांना नवं चिन्ह मिळायचं. एकदा छत्री, एकदा कपबशी, एकदा शिट्टी, एकदा तर शिवणयंत्र. बाकीचे पुढारी मतदारांना आपला पक्ष समजावून सांगत. तात्या आठवडी बाजारात उभं राहून, आपण आता कपबशी नसून शिवणयंत्र आहोत, एवढंच समजावून सांगत. लोक समजून घ्यायचे. माणूस स्वच्छ होता. इतका स्वच्छ, की घरात त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात तात्यांची दोन्ही मूत्रपिंडं थकली. मंगळवारी आणि शुक्रवारी कोल्हापुरात राजारामपुरीला जायचं, चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि रक्त धुऊन परत यायचं, असा कार्यक्रम लागला. दिवसाला पाणी तीन पेले, मीठ नावाला. डॉक्टर प्रसेनजीत कांबळे त्यांच्याच गावच्या बौद्धवाड्यातला. त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "तात्या, दिवाळी आपण बघू. त्याच्या पुढचं मी बोलणार नाही."

तात्यांना डॉक्टर तिथंच आवडला. पस्तीस-चाळीस वर्षं आश्वासनं देणाऱ्यांत काढल्यावर एक न देणारा भेटला होता.

मरणाची त्यांना फारशी भीती नव्हती. एकच हौस उरली होती. आपण गेल्यावर लोकांनी म्हणावं, जोतीराम कुणाचा नव्हता. बस. पुतळा नको, रस्त्याला नाव नको. कुणाचा नव्हता, एवढं पुरे.

पण नेमकी त्याच सप्टेंबरात सभापतींची निवडणूक आली. समिती दहा जणांची. एका सदस्याचं सदस्यत्व कोर्टात रद्द झालेलं. उरले नऊ. चार गणपतराव गटाचे, चार शामगोंडा गटाचे, आणि नववे जोतीतात्या. पद बाईमाणसासाठी राखीव होतं, म्हणून गणपतरावांनी पत्नी चिमणाबाईंना उभं केलं आणि शामगोंडांनी सून क्रांती हिला. दोघीही समितीच्या सदस्य, पण सगळा वेळ आपापल्या स्वयंपाकघरात होत्या. लढत अटीतटीची होती.

अशा वेळी आमच्याकडं सहल काढतात. सदस्य फुटू नयेत म्हणून नेता त्यांना गाडीत घालून लांब कुठंतरी नेऊन ठेवतो, खायला-प्यायला घालतो, फोन काढून घेतो आणि मतदानाच्या वेळी थेट सभागृहात आणून सोडतो. सदस्य हात वर करतात आणि मग घरी जातात. तात्या सहा वेळा निवडून आले, पण सहलीला एकदाही गेले नव्हते. पूर्वी एकदा कुणीतरी महाबळेश्वरला न्यायला गाडी पाठवली, तर तात्यांनी तिच्यातनं शेजाऱ्याच्या आजारी म्हशीसाठी ढोरांचा डॉक्टर आणवला आणि गाडी परत पाठवली.

या वेळी दोन्ही गटांची माणसं येऊन गेली. तात्यांनी दोघांनाही चहा पाजला आणि सांगितलं, "शुक्रवारी अकराला सभा हाय. मी येतो. तवा काय ते बगू."

मंगळवारी यंत्रावरनं उतरल्यावर तात्यांना नेहमीसारखी ग्लानी आली. मुलगा कृष्णात बरोबर होता. त्यानं हाताला धरून त्यांना रुग्णवाहिकेत निजवलं. ही गाडी गणपतरावांनी तालुक्याला भेट दिलेली. तिच्या दोन्ही अंगांना त्यांचा हसरा फोटो होता. आतला माणूस कुठल्याही अवस्थेत असो, बाहेर गणपतराव हसत असत.

तात्या जागे झाले तेव्हा दिवस कलला होता आणि खिडकीतनं माडाची झाडं दिसत होती. आपल्या गावात माड नाहीत, हे त्यांना आजारातही आठवत होतं.

"कृष्णात, हे कुठलं गाव?"

"मालवण."

"फोंड्याचा घाट उतरलास?"

"व्हय."

"आणि मला इचारलं न्हाईस?"

"इचारलं असतं तर आला असतासा?"

हॉटेलच्या व्हरांड्यात चिमणाबाई सोडून गणपतरावांचे तिन्ही सदस्य पत्ते कुटत बसले होते. चाकाच्या खुर्चीतनं तात्या येताना दिसले तसे सगळ्यांचे हात थांबले. एकानं तर घाईनं ग्लास खुर्चीखाली सारला. मग त्यांच्यातला वयानं थोर होता तो म्हणाला, "तात्या! तुमीबी?"

"मी आलो न्हाय. मला आणलंय."

"आमालाबी आणलंयच की!" म्हणून तो जो हसायला लागला, ते बाकीच्यांनाही आवरेना. एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. तात्यांच्या लक्षात आलं, हे चेष्टेचं हसणं नव्हे. शाळा सुटलेल्या पोरांसारखी ती हसत होती. इतकी वर्षं तालुक्यात एक माणूस न गेलेला होता, त्याचा त्यांना जाच होत होता. आता तोही आला. ग्लास खुर्चीखालनं परत वर आला.

दोन दिवस तात्या खोलीत पडून होते. समोर एवढा समुद्र आणि त्यांना दिवसाला तीन पेले. गुरुवारी सकाळी कृष्णात न्याहारी घेऊन आला.

"कशावर ठरवलंस?" तात्यांनी विचारलं.

"कशावर म्हंजे?"

"अरं, मला आणून दिलास. तुला काय देणार हाईत?"

कृष्णात खिडकीकडं बघत म्हणाला, "पुढच्या टायमाला तुमच्या जागंवर मला उभं करणार. पक्षाचं चिन्ह. कायमचं."

"शिवणयंत्र वाईट हुतं?"

"तात्या, चेष्टा पुरं झाली." पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस, पण आवाज रडकुंडीला आला होता. "तुमी सोतंत्र ऱ्हायलासा. आमी कुठं ऱ्हायलो? सोसायटीत गेलो की म्हणायचे, तुज्या बाला इचार कुणाचा हाय ते, मग कर्ज माग. नोकरीला गेलो तर दोनी गटास्नी वाटायचं, हा दुसऱ्याचा. तुमी कुणाचंच न्हाई म्हणून आमीबी कुणाचंच न्हाई. आता तुमच्या हाताला किंमत हाय. दिवाळीनंतर न्हाय."

हे डॉक्टरांनी कृष्णातलाही सांगितलेलं होतं तर. तात्यांनी भाकरी कुस्करली. मीठ नव्हतं.

"हात माझा हाय," ते म्हणाले.

"ठावं हाय."

"मग झालं."

शुक्रवारी त्यांना थेट सभागृहात आणलं. अंगात पाणी साठलेलं, पाय भोपळ्यासारखे, बोटं फुगलेली. अंगठी केव्हाच काढून ठेवावी लागली होती. प्रांतसाहेब नवे होते, विदर्भातले; सदस्य नसताना पुढं येऊन बसलेल्या गणपतराव-शामगोंडांना बाहेर काढायचं त्यांना जमलं नव्हतं. त्यांनी चिमणाबाईंचं नाव पुकारलं. चार हात वर झाले. गणपतरावांनी मागं वळून पाहिलं. कृष्णातनं मागनं वडिलांच्या कोपराला हात लावला.

"हात काढ," तात्या म्हणाले. साधंच म्हणाले, पण सभागृह गप्प होतं, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं.

मग क्रांतीचं नाव. चार हात. तात्यांचे दोन्ही हात मांडीवर.

"मगदूमसाहेब, आपण?" प्रांतांनी विचारलं.

"मी कुणाचाच न्हाय. तटस्थ लिवा."

शामगोंडांनी बाकावर थाप मारली. "वाघ हाय वाघ!" गणपतरावांचं तोंड उतरलं. तात्यांच्या अंगात चार दिवसांत पहिल्यांदा ऊब आली. झालं. काम फत्ते. आता राजारामपुरीला जायचं आणि दिवाळीची वाट बघायची.

"चार-चार. म्हणजे चिठ्ठी काढावी लागेल," प्रांतसाहेब म्हणाले. शिपायानं पाण्याचा तांब्या रिकामा करून पुसून आणला. दोन चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवून, सारख्या घड्या घालून आत टाकल्या. काढायची कुणी? प्रांतांचा कारकून 'मी काढतो' म्हणाला, तर शामगोंडांनी हरकत घेतली, तो गणपतरावांच्या साडूचा भाडेकरू. शिपाई पुढं झाला, तर गणपतरावांनी हरकत घेतली. घटकाभर आरडाओरडा झाला. प्रांत वैतागून म्हणाले, "एकमत होत नसेल तर मी सभा पुढच्या शुक्रवारपर्यंत तहकूब करतो."

सहलीवरनं आलेल्या सगळ्यांना परत आठवडाभराची सहल दिसली. तात्यांना मालवण दिसलं.

तेवढ्यात शामगोंडाच उठले. "मी म्हंतो, तात्यास्नी काढू द्या. त्यांच्यासारका निःपक्ष माणूस तालुक्यात न्हाय. आत्ताच सगळ्यांनी बगितलाय!"

"आमची काय हरकत न्हाय," गणपतराव मेल्या आवाजात म्हणाले.

तात्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्या शब्दासाठी माणूस जगतो, तो त्याच्या तोंडावर भर सभेत, विरोधकांच्या एकमतानं म्हटला गेल्यावर नाही कसं म्हणणार? तात्यांना वाटलं, आपण निःपक्ष आहोत हे सगळ्यांना माहीत आहे. चाळीस वर्षं राजकारणात काढलेल्या माणसानं एवढं भोळं असू नये.

तांब्या समोर आला. त्यांनी हात आत घातला. गळ्याशीच अडकला. फुगलेल्या बोटांत कागद धरवेना. एक चिठ्ठी चिमटीत यायची आणि सुटायची. तात्या तांब्यात चाचपडत राहिले. एकदा हात बाहेर काढून परत घातला. अख्खं सभागृह त्या मनगटाकडं बघत होतं. शेवटी एकदाची चिठ्ठी निघाली. प्रांतांनी उघडली.

"चिमणाबाई गणपतराव."

पुढचं फार भरभर झालं. बाहेर हलगी कडाडली. शामगोंडा बाकावर चढून ओरडले, "म्हातारं इकलं गेलं! बगितलासा न्हवं, कसं चाचपत हुतं? खूण हुती चिठ्ठीला!"

"शामगोंडा, माझी बोटं बग," तात्या म्हणाले. हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

"गणपतरावाच्या गाडीतनं आलंय, गणपतरावाच्या पैशानं मासं खाऊन आलंय!"

मासा तात्यांना पथ्यात बसत नव्हता. पण आता हे कुणाला सांगणार?

गणपतराव गुलालात न्हालेले जवळ आले आणि खुर्चीवर वाकून कानाशी म्हणाले, "तात्या, मानलं तुमास्नी. मी उगंच घाबरलो. हात वर केला असतासा तर एक मत मिळालं असतं, पर तुमी आमचं ठरला असतासा. न करता काम केलासा. आमी पोरंच अजून." आणि चिमूटभर गुलाल अदबीनं त्यांच्या कपाळाला लावला.

तात्यांनी त्या माणसाच्या डोळ्यांत निरखून बघितलं. तो खरंच मानत होता.

दुपारी राजारामपुरीत वजन केलं तर साडेचार किलो जास्त भरलं. डॉक्टर प्रसेनजीतनं स्वतः सुया टोचल्या. कपाळाचा गुलाल त्यानं पाहिला. यंत्र चालू केलं. मग म्हणाला, "आमचे वडील दर निवडणुकीला तुमचं नवं चिन्ह घरात सगळ्यांना पाठ करायला लावायचे."

"प्रसेनजीत, मी फक्त चिठ्ठी काढली."

"मी काही विचारलं नाही, तात्या."

"म्हणून तर सांगतोय."

"बोलू नका. रक्तदाब खाली जातोय." तो नळ्या तपासत राहिला. त्यानं चार तासांत तीन वेळा येऊन तब्येत विचारली, आधीपेक्षाही मायेनं. फक्त 'आपण' म्हणणं सोडलं. दिवाळी तुम्ही बघाल, म्हणाला.

घरी पोचले तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. कधी फिरकले नव्हते ते भाऊबंद आले होते. सोसायटीचा सचिव कृष्णातला खुर्ची देत होता. झुंबरबाईंनी सगळ्यांना चहा करून वाटेला लावलं आणि मग तात्यांच्या उशाशी येऊन बसल्या. पन्नास वर्षांच्या संसारात ही बाई नवऱ्याच्या राजकारणावर एक शब्द चांगला बोललेली नव्हती. तात्यांनाही त्याचं आता काही वाटत नसे. पण खोटं ती कधी बोलत नव्हती आणि खोटं तिला कळायचं. तिनं नुसतं 'व्हय, तुमी न्हाय केलं' म्हटलं असतं, तरी तात्यांना तालुक्याची पर्वा नव्हती.

झुंबरबाईंनी ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ पुसलं. मग सुजलेला हात मांडीवर घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"केलासा की ओ," त्या म्हणाल्या. "पोरासाठी एकदा तरी केलासा. म्या म्हणायची, ह्या माणसाला काळीजच न्हाय. चुकली मी."

"झुंबर, आईची आण घेऊन सांगतो. मी काय केलं न्हाय. जी हाताला लागली ती काढली."

झुंबरबाईंनी दाराकडं बघितलं, बाहेर कुणी नाही याची खात्री केली, आणि हसल्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायच्या तशा.

"अगदी बराबर," त्या हळूच म्हणाल्या. "कुणीबी इचारलं तर ह्येच सांगायचं."