बर्फाच्या कारखान्यातला बँड

आमचा 'घण' हा रॉक बँड शहाऐंशी ते सत्त्याण्णव असा अकरा वर्षं चालला. एक कॅसेट निघाली, चाळीसेक कार्यक्रम झाले. त्यातल्या निम्म्या ठिकाणी संयोजकांनी मध्येच येऊन विचारलं, की जरा गोड काही होईल का. झालं नाही. हल्ली जुनं कुणी भेटलं की पहिला प्रश्न हाच, बँड मोडला कशाने? बँड मोडायला काय लागतं? लग्नं झाली, कंपनीतल्या पाळ्या बदलल्या, एक जण नाशिकला गेला. टिकला कसा, हे कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगतो.

आम्ही तिघं. मी शिवराम, गिटार. पोटासाठी डोंबिवली एमआयडीसीत फिटर. नामा गायचा आणि बेस वाजवायचा. त्याचं डोंबिवलीतच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर घरचेच, आणि ते फाटक्या आवाजाचे असले तरी आम्हाला तसाच आवाज हवा होता. ड्रमवर धाकू. हा ठाण्याजवळच्या कोलशेतचा कोळी. लहानपणापासून गावातल्या हळदींत वाजवून मनगटं तयार झालेली. कल्याणच्या एका बँडवाल्याचा जुना ड्रमसेट त्याने होडीतून घरी नेला होता.

असलं संगीत वाजवायला जागा कोण देणार? डोंबिवलीत माझ्या घरी एकदाच वाजवलं, तर खालच्या विमलाबाई लाटणं घेऊन वर आल्या. शेवटी धाकूचा मामा गुणाजी कामाला आला. तो कोलशेतला खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर होता. तिथला कॉम्प्रेसर दिवसभर धाडधाड चालायचा. त्याच्या शेजारी आम्ही जीव तोडून वाजवलं तरी भिंतीपलीकडे काही कळत नसे. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बर्फाला गिऱ्हाईक नसे, नारळी पौर्णिमेपर्यंत कारखाना बंद. मग मशीन बंद म्हणून आम्हीही बंद. गावाला त्रास नको, एवढाच विचार. हा विचार आम्हाला किती महाग पडणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात कल्याणच्या एका कॉलेजात बँडची स्पर्धा होती. तोवर आम्ही लोकांसमोर कधी वाजवलेलं नव्हतं. आमचं सगळ्यात दणकट गाणं साडेपाच मिनिटांचं. त्या दिवशी ते चार मिनिटांत संपलं. धाकू सुरुवातीपासूनच सुटला, प्रत्येक ओळीला आणखी जोरात. माझी बोटं एकमेकांत अडकली, नामाला श्वास घ्यायला जागा मिळेना. लोक हसले. त्यांना वाटलं आम्ही विनोदी कार्यक्रम करतोय. धाकू म्हणाला, स्टेज हलत होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." तो ड्रम बांधून निघून गेला.

मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर रागच आला. पुढच्या रविवारी कोलशेतला गेलो, तेच गाणं वाजवलं, तर साडेपाच मिनिटं, काट्यावर काटा. माझं डोकंच फिरलं. म्हणजे याला येतं, आणि हा लोकांसमोर माती खातो. मी तोंड सोडलं. गुणाजीमामा कोपऱ्यात बिडी ओढत ऐकत होते. ते उठले आणि त्यांनी मशीन बंद केलं.

"आता वाजवा," ते म्हणाले.

त्या कारखान्यात अशी शांतता आम्ही पहिल्यांदाच ऐकली. वाजवायला लागलो आणि आठव्या ओळीला तिघं तीन ठिकाणी. धाकू पुढे, मी मागे, नामा कुठेच नाही.

"ताल मशीन धरतं," मामा म्हणाले. "तुमी नाय. तुमी नुसते त्याच्या मागं जाताव." आणि बर्फाची लादी वितळायला नको म्हणून त्यांनी लगेच बटण दाबलं.

अडीच वर्षं आम्ही कॉम्प्रेसरच्या ठोक्यावर वाजवत होतो आणि ते तिघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. स्पर्धेआधी मशीनशिवाय आम्ही धड वाजवलंच कधी होतं? दोष तिघांचा होता. पण ठेका पळवला धाकूने, म्हणून खापर त्याच्यावर. मी नामाला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या स्पर्धेपर्यंत याचं जमलं तर ठीक, नाहीतर मुलुंडचा सुधीर आणायचा. सुधीर ऑर्केस्ट्रात वाजवायचा, घड्याळासारखा. नामाने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

धाकूने स्वतःच उपाय काढला. कारखाना बंद असतो त्या पावसाळ्याच्या दिवसांत वाजवायचं, आणि शांततेत वाजवायचं. त्यासाठी गावाला विचारायला हवं. तो गावकीपुढे उभा राहिला. मी मागे होतो. म्हातारी आवडाबाई म्हणाली, "इतकी वरसं मशीनचा आवाज आयकला. ह्यो त्याच्यापेक्षा कं जड हाय? पण दिवेलागणीनंतर नाय."

एकोणनव्वदचा आषाढ लागला. कारखान्याची शेड कोरडी म्हणून गावातले पुरुष तिथेच जाळी विणायला बसत. धाकू रोज मधोमध ड्रम मांडून एकटा वाजवायचा. नुसता एक ठेका, तासभर, हळू. हळू वाजवणं त्याच्यासारख्या माणसाला शिक्षाच होती. ठेका पळाला की जाळी विणणाऱ्यांपैकी कुणीतरी हात थांबवून वर बघायचं. कुणी शिकवलं नव्हतं, पण हाताला एक लय असली की दुसऱ्याची घाई टोचते. धाकू मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून. मी रविवारी जायचो. त्याच्या बोटांना फोड आलेले दिसायचे आणि मी बघितलं नाही असं करायचो.

डिसेंबरात पुन्हा तेच कॉलेज. मी एक गोष्ट केली होती, ती सांगायला आजही जड जातं. सुधीरला बोलावून तिसऱ्या रांगेत बसवलं होतं, गाणी ऐकून ठेव म्हणून. माझ्या लेखी धाकूचा निकाल लागलेला होता.

दुपारी तीनला आमचा नंबर आला. पहिलं कडवं बरोबर गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी वीज गेली. कल्याणला वीज जाणं ही काही बातमी नव्हती, पण गिटार, बेस, माइक, सगळं एका झटक्यात मेलं. राहिला फक्त ड्रम. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि सभागृहात हुर्यो सुरू झाली. मी धाकूकडे बघून थांब असा हात केला.

तो थांबला नाही. डोळे मिटून वाजवत राहिला, ना पुढे ना मागे. नामाने माझ्याकडे बघितलं आणि तो बिनमाइकचं गायला लागला. पहिल्या रांगेपलीकडे ते पोचत नव्हतं. मग मीही मुक्या तारांवर बोटं चालवली. हुर्यो कमी झाली. लोक नुसता ठेका ऐकू लागले. दीड मिनिट असेल, मला एक तप वाटलं. शेवटच्या कडव्याच्या मध्यावर वीज आली, अ‍ॅम्प्लिफायर धाडकन उठले, आणि तिघंही एकाच ओळीवर होतो. एका अक्षराचा फरक नव्हता.

बक्षीस सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांना मिळालं. त्याचं मला काही वाटलं नाही. स्टेजमागे ड्रम उतरवताना सुधीर आला आणि धाकूदेखत मला म्हणाला, "मला कशाला बोलावलेलंस रे?"

लपवायला काही उरलं नव्हतं. "याच्या जागी," मी म्हणालो. "चुकलं माझं, धाकू."

"मना ठाव हाय," धाकू पट्टा आवळत म्हणाला. "नामानं सकालीच सांगितलेलं."

हे माहीत असून हा माणूस त्या शांततेत एकटा वाजवत राहिला होता. मी विचारलं, "मग वीज गेली तेव्हा उठून का नाही गेलास? मी तर थांब म्हणत होतो."

"गाना अर्धा होता," तो म्हणाला आणि मोठा ड्रम माझ्या हातात दिला.