हात उठला की दाबायचं

मी मोजणीची डबी बोलतेय. मुठीत मावते. डोक्यावर एक खटका, छातीवर आकड्यांची खिडकी. खटका दाबला की आकडा एकाने सरकतो, बाजूची कळ फिरवली की पुन्हा शून्य. एवढीच माझी विद्या, पण माणसं तिच्यावर फार भरवसा टाकतात.

पहिली नोकरी केली ती बेसबॉलच्या मैदानाच्या फाटकावर. आत जाणारी डोकी मोजायची, संध्याकाळी पुसलं जायचं. सुखाचे दिवस होते ते. मग १९७२ साली ओहायोतल्या एका पोलादाच्या गावात, करिअर मार्गदर्शनाच्या कचेरीत, लिंडक्विस्टबाईंच्या टेबलावर येऊन पडले.

बाईंचं शास्त्र सरळ होतं. मनात काय चाललंय ते सांगू नका, तुम्ही करता काय ते सांगा. केलेलं मोजता येतं, मोजलेलं बदलता येतं. त्यांच्या कपाटात लाकडी पेट्या होत्या, प्रत्येक पेटीत एकेका धंद्यातलं खरं काम. माणसाने पेटी उघडायची, काम करून बघायचं, मग धंदा ठरवायचा. काही चांगलं केलं की बाई तिथल्या तिथे "छान" म्हणायच्या. उशिरा केलेलं कौतुक वाया जातं, असं त्या म्हणत.

एमिल हुडाक त्यांच्याकडे आला तो तुरुंगातून. आजोबा, बाप आणि तो, तिघंही एकाच भट्टीवर राबलेले. एके दिवशी मुकादमाने सगळ्यांदेखत शिवी दिली आणि एमिलने लोखंडी पाना त्याच्या तोंडावर घातला. जबडा मोडला, दोन दात जमिनीवर. कारखान्याचं दार कायमचं बंद झालं आणि न्यायाधीशाने बाईंकडे जायची अट घातली.

"मला राग येतो," तो म्हणाला.

"राग मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "हात किती वेळा उठतो ते दिसतं. हात उठला की ही दाबायची. न मारता बाजूला झालात तर या कागदावर लिहायचं."

कागदावर वर बाईंनी स्वतः टाइप केलं होतं, 'कामाच्या जागी'. ते दोन शब्द मी तेव्हा फारसे मनावर घेतले नाहीत.

वायरमनची पेटी त्याने उलथून टाकली, टायपिंगच्या पेटीला लाथ घातली. कवळ्या बनवण्याच्या पेटीतलं मेण हातात घेतलं आणि मात्र दोन तास मान वर केली नाही. एक दाढ कोरली. दात पाडणारा दात घडवायला बसला, मला हसू आवरेना. बाई "छान" म्हणाल्या आणि महिनाभरात त्याला कवळ्यांच्या कारखान्यात चिकटवून दिलं.

तिथे डफी नावाचा एक कारागीर होता. तो एमिलची कोरणी लपवायचा, "तुरुंगाचे जावई आले" म्हणायचा. पहिल्या आठवड्यात एमिलने त्याचं डोकं घासकामाच्या फिरत्या चाकाजवळ नेलं होतं. बोटभर अंतर उरलं तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने मला दाबलं. त्या आठवड्यात तेवीस, मग चौदा, मग नऊ, मग तीन. पाचव्या आठवड्यात शून्य. बाईंनी आलेखावर खाली उतरणारी रेघ काढली, त्यांचे डोळे भरून आले.

पण घरी आल्यावर तो मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचा आणि पुढचं सगळं मी तिथून पाहायची. डफीचं जे जे त्याने दिवसभर गिळलेलं असे, ते वेरोनाच्या अंगावर निघे. वेरोना म्हणजे त्याची बायको. कोबीचं सूप निवलं म्हणून तिचं डोकं फडताळाच्या कडेवर आपटलं. उत्तर दिलं म्हणून पट्टा, उत्तर नाही दिलं म्हणूनही पट्टा. मुलगी टेबलाखाली कान दाबून बसे. शून्याच्या आठवड्यात वेरोनाने मोरीत रक्ताची गुळणी टाकली आणि तिच्यात समोरचा दात होता.

पुढच्या आठवड्यात एमिल बाईंना एक दात दाखवायला घेऊन गेला. तोंडात अडकवायच्या तारेवर बसवलेला, रंग हुबेहूब. जेवणाच्या सुट्टीत, कुणी न सांगता केलेला. बाईंनी तो उजेडात धरून पाहिला. "छान," म्हणाल्या, आणि कागदावर लिहिलं, 'स्वतःहून केलेलं काम'. आता मोजायची गरज उरली नाही, डबी बक्षीस म्हणून ठेवा, असंही म्हणाल्या.

त्याने मला फळीवर फेकलं आणि विसरून गेला. वेरोना विसरली नाही. एका संध्याकाळी तिने मला एप्रनच्या खिशात घेतलं. ठोसा बसला, तिने खटका दाबला. लाथ बसली, दाबला. रोज. त्याला ऐकू गेलं नाही. तिने कळ कधी फिरवली नाही.

बाराव्या दिवशी तिने मला बाईंच्या टेबलावर ठेवलं. चौसष्ट.

"एवढा?" बाई चपापल्या. "कारखान्यात काही झालं का?"

"कारखान्यात शून्यच आहे, बाई. हे घरचे."

मग तिने तोंडातला दात काढून माझ्याशेजारी ठेवला. बाईंनी तो ओळखला. आपणच टाइप केलेल्या 'कामाच्या जागी' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं.

"ते मी लिहिलं," त्या म्हणाल्या. "मी त्याला नुसती जागा बदलायला शिकवलं." त्यांनी फोन उचलला.

"पोलीस नकोत," वेरोना म्हणाली. "ते त्याला दोन दिवसांत सोडतील, मग मी कुठे जाऊ? आधी मला कामाला लावा. त्या पेट्या माझ्यासाठी उघडा."

वायरमनच्या पेटीशी ती बसली. एक बोट वाकडं झालेलं, तरी पाऊण तासात तिने दिवा लावला. बाईंच्या तोंडून त्या दिवशी "छान" निघालं नाही. आता तुम्ही काय करणार ते सांगा, एवढंच त्यांनी विचारलं.

"गुरुवारी तो कामावर असताना मुलीला शाळेतून घेईन. क्लीव्हलँडची बस धरीन. परत येणार नाही."

"आणि तो दारात आडवा आला तर?"

बाईंनी त्याचाही सराव करून घेतला, तीच त्यांची रीत. स्वतः एमिल झाल्या, दारात उभ्या राहिल्या, हात उगारला. वेरोना भिंतीशी मुटकुळं करून बसली. पुन्हा केलं, पुन्हा बसली. सातव्या खेपेला ती उभी राहिली, खुर्ची मध्ये ओढली आणि म्हणाली, "मागे हो. मी चालले." आवाज फाटला होता, पण पाय हलले नाहीत.

गुरुवारी ती गेली. शुक्रवारी एमिल कचेरीत आला. शेजारणीने वेरोनाला इथल्या पायऱ्या चढताना पाहिलं होतं.

"कुठंय ती?"

बाई म्हणाल्या, सांगणार नाही. त्याने कपाट आडवं पाडलं, पेट्या पायाखाली फोडल्या. बाईंचा हात पिरगळला आणि मोडल्याचा आवाज झाला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर मिळालं, मग त्याची मूठ त्यांच्या गालावर बसली. बाई टेबलावर कोसळल्या आणि त्यांचा न मोडलेला हात माझ्यावर पडला. त्यांनी खटका दाबला. एमिलने तो ऐकला. मला हिसकावून भिंतीवर भिरकावलं. शेजारच्या खोल्यांतली माणसं धावून आली तेव्हा तो भिंतीशी उभा राहून मला टाचेने ठेचत होता.

एमिल पुन्हा तुरुंगात आहे. वेरोना क्लीव्हलँडमध्ये वायरमनचं काम शिकतेय. बाईंचा हात जुळला, गालाचं हाड थोडं खालीच राहिलं. मी त्यांच्या टेबलावर असते. काच फुटलीय, कळ फिरत नाही, पासष्टवर अडकलेय.

मला दुरुस्त करू नका. पण माझ्या बहिणी अजून विकल्या जातात, म्हणून एवढं मागते. ज्याचा हात उठतो त्याच्याकडे त्यांना देऊ नका. ज्याच्यावर उठतो त्याच्याकडे द्या.