केळीचं पांघरूण

"आई, थांब! त्या केळीला हात लावू नकोस!"

चिमट्यातला तापलेला दगड उमूच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, खड्ड्यात टाकून फेलेती धावला, पण उशीर झाला होता. दोन स्वेटरांवर चढवलेला सुनेचा कोट सावरत कालोलाइनेने सुरी चालवली आणि माणसाएवढं पान दवात आडवं झालं.

"मग उमूवर काय झाकायचं? तो चांदीचा कागद?" म्हातारी म्हणाली. "रविवारी, देवाच्या दिवशी, मटण कागदात भाजता होय रे तुम्ही?"

"अगं, ती बघायला लावलीय!"

"बघायला? केळ म्हणजे काय नवरी आहे?"

खिडकीतून फेलेतीची बायको लुपे हसली. "कापा, आई, कापा! माझ्याहून तिचेच लाड जास्त झालेत या घरात."

न्यूझीलंडमधल्या ओमारूच्या थंडीत आपलं टोंगा बेट उभं करायचा फेलेतीचा खटाटोप तीन वर्षं चालला होता. थंडी सोसणारे पंख्यासारख्या पानांचे ताड, उंच नेचे, कर्दळी आणि मधोमध ही जपानी केळ. हिचं फळ खायच्या कामाचं नाही, पण पानं अगदी घरच्यासारखी. वडील गेल्यापासून आई तिकडे घरात एकटीच होती. हे अंगण पाहून ती राहील, अशी त्याची वेडी आशा. फेब्रुवारीत डुकरं धाकट्या भावावर सोपवून ती आली, ताडाकडे पाहून "नारळ कुठेत?" म्हणाली आणि तीन महिने हीटरपाशी बसून राहिली. आता बुधवारचं विमान होतं. "राहा ना" हे दोन शब्द काही त्याच्या तोंडून निघत नव्हते.

खरं तर मे महिन्यात, इथला हिवाळा तोंडावर आलेला असताना, केळ एव्हाना छाटून लोकरीत गुंडाळायला हवी होती. पण गुंडाळलेली केळ मढ्यासारखी दिसते. आई जाईपर्यंत हिरवी राहू दे, म्हणून त्याने चालढकल केली होती. आणि आज रात्री दव गोठणार होतं.

केळीची सगळी पानं उमूवर गेली. चर्चमधून आल्यावर तो उघडला. अळूच्या पानातलं, नारळाच्या दुधातलं मटण केळीच्या वाफेत शिजलं होतं. आई पहिल्यांदाच बाहेर बसून जेवली, तीही दोनदा वाढून घेऊन.

"आत्ता कुठे चव आली बघ," ती बोटं चाटत म्हणाली.

दुपारी वारा पडला, आभाळ स्वच्छ झालं. फेलेती बोडक्या खोडापाशी घुटमळत राहिला. रविवारी या घरात कोणी फावड्यालाही हात लावत नसे.

"उद्या बांधीन," तो पुटपुटला.

"उद्यापर्यंत जगेल?"

"नाही गं."

आई आत गेली. आडवी झाली असेल, असं त्याला वाटलं. पण ती बाहेर आली ती स्वतःची गोधडी घेऊन, गावाहून आणलेली.

"धर ते टोक."

"आई, आज रविवार."

"उघड्याला पांघरूण घालणं म्हणजे काम नव्हे. एवढंही शिकवलं नाही का तुझ्या बापाने?"

त्याने लोकर आणली. आत लोकर, वर गोधडी.

"अरे, सैल जरा! तान्ह्याला गुंडाळतोयस की डुकराला बांधतोयस?"

तिने शेवटची गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली.

"हे सोडायचं कधी?"

"ऑक्टोबरात. नवं पान फुटायच्या वेळी."

तिने गोधडीची सुरकुती सरळ केली.

"धाकट्याला फोन लाव. म्हणावं, माझी डुकरं ऑक्टोबरपर्यंत तूच बघ. माझं पांघरूण इथे अडकलंय."

फेलेती खोडाआड वळला आणि पक्की बसलेली गाठ उगाचच चाचपत राहिला.