आंधळं धुकं

"खाली उतर म्हणतोय न्हवं!" मनोहर वरडला.

"न्हाई उतरत!" सुरू ट्रॅक्टरवरनं गुरुदत्तानं उलटून सांगितलं.

दोघं सख्खे भाऊ, तासगावकडचे. थोरला मनोहर आधी कॅलिफोर्नियात आला, फ्रेस्नोपाशी खंडानं द्राक्षबाग धरली, मग धाकट्याला बोलावून घेतलं. २००५ चा जानेवारी. रेडिओवाला सांगून गेला होता, आठवडाभर पाऊस नाही, थंडी बेताची, सकाळी दाट धुकं. गुरुदत्तानं त्यातलं कोरडं तेवढं ऐकलं, मनोहरनं धुकं तेवढं.

"दादा, रस्त्यापल्याडली छाटणी ह्या कोरड्या आठवड्यातच उरकाय पायजे."

"धुकं फाटू दे. हातभर दिसंना, अन् ट्रॅक्टर रस्त्यावर घालतोस?"

"तू जन्माचा भित्रा! म्हणून तर दुसऱ्याच्या बागंत राबतोयस!"

ते मनोहरच्या वर्मी लागलं. त्यानं भावाची कॉलर धरली आन् खाली खेचला. गुरुदत्तानं पडता पडता ठोसा हाणला. मनोहरचा ओठ फुटला. मग थोरला त्याच्या छाताडावरच बसला आणि तोंडावर बुक्क्या घालू लागला. मनोहरची बायको रत्ना कातर टाकून धावली.

"अवो, सोडा! मरंल त्यो! आन् ट्रॅक्टर... ट्रॅक्टर चाललाय बघा!"

क्लचवरचा पाय सुटला तसा ट्रॅक्टर आपला आपण निघाला होता. दोघं उठेस्तोवर धुक्यानं तो गिळला. मग रस्त्यावर सुरुंग उडाल्यागत आवाज झाला. काचा खळकन फुटल्या. मागनं ब्रेक किंचाळले, दुसरी गाडी धडकली.

भाऊ धावले. पिकअपचं तोंड ट्रॅक्टरात घुसलेलं, आत एक म्हातारा गोरा अडकलेला, रक्तानं न्हालेला. गुरुदत्तानं चेपलेलं दार नुसत्या हातांनी उचकटलं. तळवा फाटला तरी सोडलं नाही. मनोहरनं काखेत हात घालून म्हाताऱ्याला बाहेर ओढला. रत्ना रस्त्याकडेनं पत्र्याचा डबा बडवत मागं पळाली, येणाऱ्या गाड्या थांबाव्यात म्हणून.

म्हाताऱ्याचा पाय मोडला, पण जीव वाचला. दुसऱ्या गाडीतल्या बाईला खरचटलंही नव्हतं.

दुपारी लख्ख ऊन पडलं. पोलीस वही काढून जबाब घ्यायला आला. "ट्रॅक्टर कोणी सुरू केला?"

"मी," गुरुदत्त मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "भाऊ नको म्हणत होता. मी ऐकलं नाही."

मनोहर पुढं झाला. "त्याला खाली मी ओढला. तेबी लिहा."

पोलिसानं दोघांची सुजलेली तोंडं बघितली. "हे अपघातात लागलं?"

"न्हाई सायेब," मनोहरनं ओठावरचं वाळलेलं रक्त पुसलं, "हे घरातलं."